बत्तीस प्रश्नचिन्हं

मावशीनं अहवालात ‘भेग वाढत आहे’ असं लिहून पूर्णविराम दिला, आणि तिच्या खुर्चीमागून प्रश्न आला, “कधीपासून?”

प्रश्न विचारणारी तिची दहा वर्षांची भाची होती. घरात तिला सगळे ‘चौकशी’च म्हणत. ही दिवसाला किती प्रश्न विचारते ते मोजायचं तिच्या बाबांनी एकदा मनावर घेतलं होतं, पण दुपारच्या जेवणाआधीच त्यांनी तो नाद सोडला. मावशीला मात्र तिचा कंटाळा येत नसे. मावशी इंजिनिअर होती. इमारतींना तडे गेले की लोक तिला बोलावत आणि ती भिंतीसमोर उभी राहून स्वतःच इतके प्रश्न पुटपुटायची, की दोघींचं बरं जमायचं.

रविवारची दुपार होती. अहवाल सोमवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात द्यायचा होता. मुलांच्या वाचनकक्षात खिडकीच्या कोपऱ्यापासून छताच्या दिशेनं एक भेग गेली होती. ती वाढत असेल तर छताला टेकू लावायचे, खोलीला कुलूप घालायचं आणि पुढची दीड-दोन वर्षं तिकडे कोणी फिरकायचं नाही, असं ठरलं होतं. चौकशी खुर्चीमागे ठाण मांडून होती ती यामुळेच. त्या खिडकीखालच्या बाकावर बसून ती समुद्राच्या तळाबद्दलचं एक जाडजूड पुस्तक वाचत होती. ते घरी नेऊ देत नसत. दोनशे बारा पानं झाली होती आणि आत्ता कुठे खरा अंधार सुरू झाला होता.

“कधीपासून म्हणजे, हे बघ ना,” मावशी म्हणाली. स्क्रीनवर आठ फोटो एका रांगेत होते. दर महिन्याला एक, तीच भिंत, तीच भेग, आणि शेजारी चिकटवलेली बारीक खुणांची पट्टी. “कडक उन्हाळ्यात केसाएवढी होती. महिन्यागणिक रुंद होत गेली. आता थंडीत बघ, जवळजवळ एक मिलिमीटर. आठही फोटो एकच गोष्ट सांगतायत.”

“आणि त्याच्या आधीचे?”

आठ फोटोंच्या वर आणखी बरीच चित्रं होती. पण ती फिकी, धुक्यातून पाहिल्यासारखी, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटं प्रश्नचिन्ह. चौकशीनं बोट टेकवत मोजली. बत्तीस.

“ते जुने. कॉम्प्युटर भरला होता, म्हणून उचलून डबीत टाकले.” डबी म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. मावशीनं ती टेबलाच्या खणातून काढली, केबल लावली. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. स्क्रीनवर मात्र बत्तीस प्रश्नचिन्हं जागची हलली नाहीत.

मावशीनं एका फिक्या फोटोवर क्लिक केलं. ‘मूळ फोटो सापडत नाही,’ असं उत्तर आलं.

“असं कसं?” मावशी म्हणाली. तिनं केबल काढून पुन्हा लावली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तरी तेच. मग डबीच उघडली. आत फोटोच फोटो होते, अकरा हजारांवर, आणि एकाचंही नाव धड नव्हतं. कॅमेऱ्यानं दिलेले नुसते आकडे.

“यातला आपल्या भेगेचा कुठला?” चौकशीनं विचारलं.

“देव जाणे. भिंती सगळ्या सारख्याच दिसतात गं. शाळा, दवाखाना, पूल, गोदाम... भेग ती भेग.”

“मग तुला आत्तापर्यंत कसं कळायचं?”

“या प्रोग्रॅममध्ये मी प्रत्येक फोटोखाली लिहून ठेवते. ‘वाचनालय, पूर्व भिंत, खिडकीवर.’” मावशीनं कपाळावर हात मारला. “म्हणजे नावं एका खोलीत आणि फोटो दुसऱ्या खोलीत. छान!”

चौकशीला हे फार आवडलं. आत्तापर्यंत तिला वाटत होतं की स्क्रीनवर फोटो दिसतो म्हणजे तो तिथेच असतो. आता कळलं की तसं नव्हतं. हा प्रोग्रॅम म्हणजे फोटोंचं कपाट नव्हताच. ती एक वही होती, कुठला फोटो कुठे ठेवलाय हे लिहून ठेवणारी.

“वहीत काय लिहिलंय ते दिसतं का?” तिनं विचारलं.

दिसत होतं. एका प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की लांबलचक पत्ता उघडायचा. कॉम्प्युटर, मग ‘चित्रे’, मग ‘कामाचे फोटो’, मग वर्ष. चौकशीनं तो मोठ्यानं वाचला. “पण मावशी, हा तर कॉम्प्युटरमधलाच पत्ता आहे. तू फोटो डबीत नेलेस ते हिला सांगितलंस का?”

“हिला म्हणजे कुणाला?”

“वहीला.”

मावशीनं जीभ चावली. सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी तिनं वही न उघडताच सगळं फोल्डर उचलून डबीत नेऊन ठेवलं होतं. वही बिचारी अजून जुन्याच दारावर टकटक करत होती.

तेवढ्यात मावशीला एक बटण दिसलं. ‘न सापडणारे फोटो यादीतून काढा.’ “हे बरं आहे,” ती म्हणाली. “ही भुतं काढून टाकू आणि डबीतून सगळं नव्यानं आत घेऊ.” बाण बटणाकडे सरकला.

“थांब! काढा म्हणजे काय काय काढणार?”

“रिकामी चित्रं. फोटो डबीत सुरक्षित आहेत.”

“आणि तू लिहिलेली नावं?”

बाण थांबला. मावशी तीस वर्षं लोकांना सांगत आली होती की भिंत पाडण्याआधी तिच्यावर काय टेकलंय ते बघा. “करून बघू,” ती म्हणाली. “पण एकाच फोटोवर. तोही असा निवड, की गेला तरी कुणी रडणार नाही.”

चौकशीनं दुसऱ्याच एका कामातला निवडला, मावशीच्या स्वतःच्या बुटाचा, चुकून निघालेला. त्याच्याखाली मावशीनं लिहिलं होतं, ‘माझा बूट, अरेरे.’ त्यावरही प्रश्नचिन्ह होतं. मावशीनं तेवढाच यादीतून काढला, मग डबीत शोधून (भिंतींच्या गर्दीत बूट लगेच ओळखू आला) पुन्हा आत घेतला. बूट आला. ‘अरेरे’ आलं नाही. खाली नुसता आकडा.

मावशीनं माउसवरचा हात काढून घेतला.

“बत्तीसही असेच निनावी झाले असते,” मावशी हळूच म्हणाली. “अकरा हजारांच्या गर्दीत.”

“मग काढायचं नाही. पत्ता बदलायचा. तसं बटण नाही का?”

शोधल्यावर तेही सापडलं, दोन मेन्यू खाली दडलेलं. ‘फोल्डरची नवी जागा दाखवा.’ मावशीनं डबी उघडून दिली आणि चौकशी पुन्हा अडली. आत ‘कामाचे फोटो’ नावाची फोल्डर दोन होती. एकाच्या नावापुढे २ लिहिलेलं.

“दोन का?”

“पहिल्यांदा नेताना मध्येच केबल निघाली. मग मी पुन्हा पहिल्यापासून नेले.” मावशी जरा ओशाळली. “अर्धवट राहिलेलं पुसायचं राहून गेलं.”

“कुठलं अर्धवट?”

“लक्षात नाही.”

चौकशीनं अंदाज केला नाही. आत किती फोटो आहेत ते दोन्हीकडे बघितलं. एकात चार हजार एकशे बारा होते आणि २ लिहिलेल्यात अकरा हजार तीनशे सहा. मग तिनं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मावशीनं ते निवडलं आणि दोघी स्क्रीनवर डोळे लावून बसल्या.

आधी काहीच झालं नाही. मग वरच्या कोपऱ्यातलं एक प्रश्नचिन्ह गेलं. मग शेजारचं. धुकं विरावं तशी चित्रं एकेक करून ठसठशीत होत गेली, आणि चौकशी उलटं मोजत राहिली. “पाच... चार... दोन... संपले!”

“आहेस खरी,” मावशी म्हणाली आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

“मावशी, आता हे फोटो कुठे कुठे आहेत?”

“डबीत.”

“आणि?”

“डबीत... च.”

“पण तू तर म्हणालीस, फोटो डबीत सुरक्षित आहेत.”

“हो, आणि इकडचे पुसले.” मावशीनं टेबलाच्या कडेला टेकलेली डबी दोन्ही हातांनी उचलून मधोमध ठेवली. “म्हणजे जपलेलं असं काहीच नाही. हेच एकमेव. माझ्यासारख्या बाईनं असं करावं!”

“आधी भेग बघू,” चौकशी म्हणाली. तिला आता धीर निघत नव्हता.

चाळीस फोटो, सव्वातीन वर्षं. चौकशी एकेक मोठा करून पट्टीवरच्या खुणा मोजायची आणि आकडा सांगायची. मावशी तो कागदावर लिहायची. शून्य पूर्णांक पाच. सहा. सात. आठ. सात. पाच. तीन. दोन. आकडे तर कमी होत होते! मग पुन्हा तीन, पाच, आठ. ती हिरमुसली. मग पुन्हा खाली. पुन्हा वर. अठ्ठाविसाव्या फोटोपाशी ती थांबली.

“मावशी, ही वाढत नाहीये. ही उघडझाप करतेय.”

मावशीनं कागद तिच्याकडे वळवला. तिनं आकड्यांऐवजी ठिपके मांडून ते जोडले होते. एखादा झोपलेला माणूस श्वास घेत असावा तशी रेषा वरखाली जात होती. थंडीत वर, उन्हाळ्यात खाली.

“उन्हात वरचं छत फुगतं,” मावशी म्हणाली. “दिसत नाही, पण फुगतं. भेगेच्या दोन्ही कडा जवळ येतात. थंडीत छत आकसतं, भेग उघडते. आणि माझ्याजवळ राहिलेले आठ फोटो नेमके उन्हाळा ते थंडीचे. एक श्वास आत घेतानाचे तेवढे.”

“म्हणजे खोली बंद नाही करायची?”

मावशी पुन्हा स्क्रीनकडे वळली. तिनं थंडीतले चार फोटो शेजारी शेजारी लावले. आठ, नऊ, नऊ, नऊ. मग भिंग घेऊन भेगेचं वरचं टोक प्रत्येकात पाहिलं. तिथे पहिल्याच महिन्यात तिनं पेन्सिलीची खूण केली होती. चारही फोटोंत टोक खुणेपाशीच होतं, म्हणजे भेग लांबीनंही वाढली नव्हती. शेवटी मावशीनं अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि ग्रंथपालांना फोन लावला.

“कुलूप आणलंय मॅडम, भलं मोठं,” पलीकडून आवाज आला. “मुलांना काय सांगायचं तेवढं सुचवा.”

“कुलूप परत करा. खोली चालू ठेवायची.”

“अहो, काल तर तुम्हीच म्हणालात बंद करा!”

“काल मी आठ फोटो बघितले होते. उद्या चाळीस घेऊन येते. भेगेत लवचीक मसाला भरू आणि दर महिन्याला फोटो काढू. येत्या उन्हाळ्यात ती मिटली नाही, तर मी स्वतः येऊन कुलूप लावीन.”

फोन ठेवल्यावर चौकशीनं विचारलं, “मिटली नाही तर खरंच लावशील?”

“खरंच लावीन.”

चौकशीनं थोडा विचार केला. “बरोबर आहे,” ती म्हणाली. हे म्हणायला तिला जड गेलं, पण म्हणाली.

मग मावशीनं शेजारच्या घरून दुसरी हार्ड डिस्क मागून आणली आणि सगळे फोटो तिच्यात उतरवायला लावले. तीन तास लागतील, असं स्क्रीननं सांगितलं. चौकशी खुर्चीवर पाय हलवत बसली. हलणारे पाय मध्येच थांबले.

“मावशी, भेग मिटते तेव्हा आवाज होत असेल का गं?”

“माहीत नाही,” मावशी म्हणाली. “तीस वर्षांत मी कधी भिंतीला कान लावून पाहिला नाही.”

“मग उद्या लावू. मिटताना नाही, पण उघडताना तरी.”

वाचनालयात दहाला पोचायचं होतं. दोघींनी नऊलाच निघायचं ठरवलं.