माझे वजन कुणी विचारले नाही

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. भिंतीला पाठ लावून उभा राहणारा, ठेंगणा. जर्मनीतल्या ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे मला 'पियानिनो' म्हणत. पोलंडात, रशियातही हेच नाव. अर्थ एवढाच, की छोटा पियानो. इंग्रज 'कॉटेज पियानो' म्हणाले. म्हणजे लहानशा घरात मावणारा. सगळ्यांनी माझी उंची पाहिली. माझ्या पोटात ओतीव लोखंडाची चौकट आहे, ती कुणाच्याच शब्दात आली नाही.

गोंदियाच्या रेल्वे बंगल्यात एक मडम मला वाजवत असे, मऊ फडक्याने पुसत असे. सत्तेचाळीस साली ती विलायतेला निघाली आणि राइस मिलच्या गुलाबचंदशेठनी मला घेतले. त्यांच्या घरी वाजवता कुणालाच येत नव्हते. वरच्या बैठकीत शोभा हवी होती, इतकेच.

मला खाली चाके आहेत. त्यामुळे बैलगाडीतून ओट्यावर मी सहज घरंगळलो. तिथेच सगळे फसले.

जिना अरुंद होता. मिलचा हमाल चैतराम खालून रेटणार, त्याचा सोबती बकाराम वरून दोर ओढणार. चैतरामची बायको रुख्मा त्याचे जेवण घेऊन आली होती, कडेवर वर्षाची पोर.

"मालक, चार माणसं बलावा जी," ती म्हणाली. "हे लय वजनी दिसून राहिलं."

"अरे, छोटासा बाजा है बाई! तुझा नवरा दिवसभर धानाची पोती उचलतो."

चैतराम हसला. "तुह्याएवढा तं भारी नसन ना वो!"

सगळे हसले. रुख्माही हसली, पण पोरीला तिने घट्ट धरले.

सातव्या पायरीवर बकारामच्या हातून दोर सुटला. मला थांबता आले नाही. खाली चैतरामची छाती होती.

मला बाजूला करायला मग सहा माणसे धावली. ती सहाही आधीपासून आवारातच होती.

चौथ्या दिवशी चैतराम गेला.

याला तेरा वर्षे झाली. मी जिन्याखालीच आहे. वाळवीने माझी पाठ खाल्ली. रुख्मा बिड्या वळते. पोर शेजारी बसून दोरा बांधते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. पण जड वस्तू उचलायला कुणाला बोलवाल, तेव्हा आधी तिचे एक टोक स्वतः उचलून पाहा. शेठनी मला अजून एकदाही हात लावलेला नाही.