कागद पांढरा निघाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना धूळमापक आहे. शहागंजात वहिदाआपांच्या गच्चीवर उभा असतो. अंग पत्र्याचं, डोक्यावर घरासारखं उतरतं छप्पर, पोटात मोटार. मी हवा ओढतो आणि तिच्यातली धूळ एका पांढऱ्या कागदावर धरून ठेवतो. माझी देखभाल करणारा अजिनाथ तो कागद बदलतो आणि तपासायला नेतो. खाली बाजार, रिक्षा, जनरेटर. त्यामुळे कागद काळाच निघायचा. "पठ्ठ्या लई काम करतोय," अजिनाथ माझी पाठ थोपटायचा.

आपांना दमा होता. जिना चढवत नसल्यानं त्यांना स्वतःचीच गच्ची परकी झाली होती. सोयगावला राहणारी त्यांची लेक, गजाला, त्यांना तिकडं बोलावून थकली, पण लग्न होऊन आल्या ते घर आपांना सोडायचं नव्हतं.

मग टाळेबंदी आली. गल्लीतून रुग्णवाहिका जायच्या, माणसं दारामागून बोलायची. ती भीती मी विसरलेलो नाही. पण हवा निवळली. अजिनाथ पास काढून आला, तर कागद जवळजवळ पांढरा. त्यानं मला दोन धपाटे घातले, मोटार उघडली, तिच्यातले झिजलेले ब्रश बदलले. पुढच्या खेपेलाही तेच.

"आपा, मशीन गेलं बघा. हवाच ओढंना."

आपा गच्चीवर रमजानच्या शेवया वाळत घालत होत्या. "मशीन गेलं नाय. मी सगळा जिना एका दमात चढून आले. मग मी बी बिघडले म्हण."

"तुमचं ठीक हाय. हापिसात साहेब म्हणतील, मशीन न लावताच कोरा कागद आणला."

"मग साहेबालाच वर बोलव. आता इथून लांबचा किल्ला बी दिसतोय, दाखवते."

त्या दिवसांत आपा रोज संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. इतकी वर्षं झाली, पण माझ्याजवळ कुणी नुसतं बसायला आलं, ते तेवढंच.

बाजार उघडला. कागद आधी राखाडी झाला, मग काळा. "आलं बघा ताळ्यावर," अजिनाथ खूश झाला.

आपा जिन्यातच बसल्या होत्या. "ते आलं, मी गेले," त्या धापा टाकत म्हणाल्या. त्या हिवाळ्यात गजाला त्यांना सोयगावला घेऊन गेली.

आजही अजिनाथ वर आला की आपांचा फोन येतो. "येऊ का रे घरी?" तो कागद उन्हात धरून पाहतो. "जरा थांबा, आपा."

मित्रांनो, बाजार बंद पडावा असं मला वाटत नाही. दुकानदार माझे शेजारीच आहेत. पण जवळ राहत असाल तर शहागंजात चालत या, लांबून येणार असाल तर तिघं मिळून एका रिक्षेत या. दुकानासमोर गाडी नुसती चालू ठेवू नका. अजिनाथनं आपांना एकदा "या" म्हटलेलं मला ऐकायचं आहे.