धाकटीच्या बॅगेतली कढई

मी कढई बोलतेय. लोखंडाची, दोन कानांची, एका माणसाचं जेवण होईल एवढ्याच बेताची. रंगावर जाऊ नका. काळी आहे आणि कढईने काळंच असावं. माझ्यासारख्या बहुतेक जणी एका घरच्या शेगडीवर येतात आणि कालांतराने त्याच घरच्या माळ्यावर जातात. मी मात्र विमानातून फिरले. परक्या देशांतल्या हॉटेलांच्या भटारखान्यांत मानाने शिरले. थोडी फुशारकी मारतेय, पण चालवून घ्या.

मला कुणी दुकानातून उचललं नाही, लोहाराला सांगून घडवून घेतलं. घडवून घेणारी बाई भट्टीशेजारी उभी राहून सारख्या सूचना करत होती. "पत्रा नवा घ्या हं. जुन्या भांड्याचा अजिबात नको."

लोहार वैतागला. "ताई, कढईच करायचीय ना? की औषधाची बाटली?"

"आमच्याकडे ती औषधाच्याच कामाची आहे," ती म्हणाली.

तो हसला, पण पत्रा नवा घेतला.

ती बाई म्हणजे धाकटीची आई. घरात दोन मुली, थोरली आणि धाकटी. धाकटीला शेंगदाण्याचं वावडं होतं. आवडत नाही, बाधतं, असलं साधं वावडं नव्हे. लहानपणी शेजारच्या वाढदिवसाला तिने खाऊचा एक तुकडा तोंडात टाकला. त्यात दाण्याचं कूट होतं. बघता बघता तिचे ओठ सुजले, घसा आवळला, श्वास घेता येईना. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि आईला बजावलं, की हिच्या ताटात दाण्याची पूडसुद्धा जाता कामा नये. ज्या भांड्यात दाणे परतले, त्या भांड्यातलं काहीही नको. दुसऱ्याच आठवड्यात आई लोहाराच्या दारात उभी होती.

तेव्हापासून मी धाकटीची. माझा उलथना वेगळा, घासणी वेगळी, फडकं वेगळं. नातेवाईक आले की नाक मुरडायचे. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." "थोडं थोडं देत जा, होईल सवय." आई वाद घालत नसे. हसून चहा द्यायची आणि पाहुण्यांच्या पिशव्या दाराबाहेरच ठेवायला लावायची. थोरलीला दाणे जीव की प्राण. ती पोर मैत्रिणीकडे जाऊन खायची, आणि घरात पाऊल टाकण्याआधी अंगणातल्या नळावर हात-तोंड धुवायची. तिला कुणी सांगावं लागलं नाही. माणसं मला आवडतात ती अशा गोष्टींमुळे.

धाकटी मोठी झाली आणि यंत्रांची जाणकार झाली. कारखान्यात नवं यंत्र आलं की ते बसवून, चालवून, तिथल्या कामगारांना शिकवून परत यायचं, हे तिचं काम. कंपनीने तिला बाहेरच्या देशांत पाठवायचं ठरवलं. फार लांब नव्हे, आपल्याच खंडातले देश. पण तिथे दाणे कुठे आणि कशात घालत असतील, कोण जाणे! आईने बॅग भरणाऱ्या धाकटीला अडवलं.

"तिथे काय पाणी पिऊन राहणारेस?"

"कढई नेते की."

"आणि ती स्वयंपाक करते का आपली आपण?"

"ती नाही करत. पण तिच्यात कुणीतरी करेलच."

अशी मी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून बॅगेत गेले. विमानतळावर तपासनिसाने मला बाहेर काढलं, उलटं केलं, बोटाने वाजवून पाहिलं. "हे काय आहे?" "कढई." "ते दिसतंय हो. पण कशाला?" "जेवायला," धाकटी म्हणाली. त्याने शेजारच्या तपासनिसाला बोलावून मला दाखवलं. दोघांनी मान हलवली आणि मला परत गुंडाळलं, तेही नीट घडी घालून.

परक्या गावात धाकटी कशी जेवायची, हे पाहण्यासारखं होतं. ती गर्दीच्या वेळी कधीच जायची नाही. भटारखाना निवांत असेल तेव्हा जायची आणि टेबलावर न बसता थेट आचाऱ्याला गाठायची. वेटरवर तिचा राग नव्हता. पण गिऱ्हाइकाला "हो" म्हणणं हे वेटरचं कामच असतं, आणि तिला "हो" नको होतं, खरं हवं होतं. तिच्या गळ्यात एक कार्ड असायचं. शेंगदाण्याने मला श्वास बंद होईपर्यंत त्रास होतो, असं त्यावर त्या त्या देशाच्या लिपीत लिहिलेलं, खाली दाण्याचं चित्र. कमरेच्या पाकिटात इंजेक्शन. हे सगळं असूनही तिचा भरवसा होता तो बोलण्यावर.

आणि काय बोलायची! "यात दाणे आहेत का?" असं ती कधीच विचारत नसे. तसं विचारलं की सगळे "नाही, नाही" म्हणतात आणि पाहुण्याला खूश करतात. कारखान्याचा दुभाषी मध्ये घालून ती विचारायची, "तुमच्याकडे दाणे कशाकशात घालता?" मग आचारी खुलायचा. आमच्या रश्शात घालतो, वरून पेरतो, अमक्याला दाटपणा आणायला वाटून घालतो, तळणीचं तेल दाण्याचंच. सगळं आपणहून सांगायचा. मग धाकटी म्हणायची, "वा! आणि मला तर एक दाणाही चालत नाही. आता माझं काय करता, सांगा." माणूस एकदा असा गुंतला की स्वतःच वाट काढतो. मी ते पुनःपुन्हा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मला या पोरीचं कौतुक वाटलं.

मग ती मला बाहेर काढायची. तिथल्याच नळावर, स्वतःच्या घासणीने मला लख्ख घासायची आणि कोरडी ठक्क करून आचाऱ्याच्या हातात द्यायची. "यातच करा आणि यातच आणून द्या. ताट नको." आचारी मला न्याहाळायचे. लोखंडाची पारख त्यांच्याइतकी कुणाला? मला हातात तोलून ते आपसांत काहीतरी बोलायचे आणि माझ्यात मन लावून शिजवायचे. इतकी वर्षं कुठेही काही वावगं झालं नाही.

मग तो कारखाना आला. यंत्र बसलं, चाललं, उत्तम चाललं. धाकटीचा तो तिथला शेवटचा दिवस. व्यवस्थापक भलताच खुशीत होता. रस्त्यापलीकडे त्याच्या आवडीची छोटी खाणावळ होती, तिथे त्याने सगळ्यांना जेवायला नेलं. कारखान्याची दुभाषी बरोबर होती. ती आणि धाकटी तिसऱ्याच भाषेत बोलायच्या. मी ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगतेय.

त्या सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता. "या खेपेला नीट परत ये, मग पुरे झालं हे फिरणं. इथेच एखादी नोकरी बघ. मला आता नाही गं सोसवत." धाकटी एवढंच म्हणाली, "जेवले की फोन करते." पण फोन ठेवल्यावर ती पलंगावर बसून राहिली. तिला हे काम मनापासून आवडायचं. आणि आईचा जीव टांगणीला लावून ते करत राहणंही तिला जमेना.

खाणावळ चालवणाऱ्या बाई स्वतःच स्वयंपाक करायच्या. धाकटीने त्यांना सरळ "मावशी" करून टाकलं, जसं ती सगळीकडे करायची. दुभाषीने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मावशी लाजल्या. मग नेहमीची विचारपूस झाली. मावशींनी दाण्याच्या तेलाचा डबा उचलून लांब ठेवला, दुसऱ्या तेलाची बाटली फोडली, पाटा धुतला, हात धुतले, सुरीसुद्धा नवी काढली. धाकटीने मला घासून, पुसून त्यांच्या हाती दिलं आणि ती बाहेर जाऊन बसली.

मावशींनी मला उजेडात धरलं. घासून घासून मी करडी, कोरडी पडले होते. त्यांना ते बघवेना. चांगलं लोखंड असं कोरडं राहिलं तर गंज धरतं, हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. त्यांच्या शेगडीशेजारी खिळ्याला तेलाचं फडकं टांगलेलं होतं. त्यांच्या सगळ्या कढयांवरून रोज मायेने फिरवायचं ते. त्यांनी ते घेतलं आणि माझ्यावरून फिरवलं. आतून, बाहेरून, दोन्ही कानांवरून.

मला त्या तेलाचा वास कळला. ते दाण्याचं होतं.

मावशींना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. खाण्यात दाणा घालायचा नव्हता, तो त्या घालतच नव्हत्या. हे तर भांड्याचं करणं होतं, पाहुणीच्या भांड्याला दिलेला मान होता. त्यांनी माझ्यात भात, अंडी आणि हिरव्या भाज्या इतक्या सुरेख परतल्या की काय सांगू. आणि मी आतून ओरडत होते. लोखंडाला तोंड नसतं, याचं इतकं दुःख मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

मला टेबलावर ठेवलं. वाफा निघत होत्या. व्यवस्थापक म्हणाला, "करा सुरुवात, तुमचाच मान!" धाकटीने मला जवळ ओढायला कान धरला. बोटं घसरली. तिने बोटांकडे पाहिलं, मग माझ्या बाहेरच्या अंगाकडे. तेवढ्यात सवयीने तिचा हात ओठाला लागला होता. तिने चमचा खाली ठेवला.

"आतून तेल असणारच," ती हळू आवाजात दुभाषीला म्हणाली, "पण कढई बाहेरून का चमकतेय?"

दुभाषी आत धावली. मावशी बाहेर आल्या, हातात ते फडकं. व्यवस्थापक हसला. "अहो, पुसण्यापुरतं! एवढ्याशा तेलाने काय होतंय?"

धाकटीच्या बोटांवर लाल चट्टे उठले होते. खालचा ओठ एका बाजूने फुगायला लागला होता. व्यवस्थापकाचं हसू तिथेच थिजलं. मावशींच्या तर तोंडचं पाणीच पळालं. आणि धाकटी? ती उठली, साबणाने हात आणि ओठ धुतले, गोळी घेतली, आणि इंजेक्शन काढून दुभाषीच्या हातात दिलं. "मला श्वास लागला, बोलता येईना, तर हे इथे मांडीवर दाबायचं आणि दवाखान्याची गाडी बोलवायची. घाबरू नकोस, मी श्वास मोजतेय." स्वतः संकटात असताना दुसऱ्याला धीर देणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत. सगळे तिच्याकडे बघत बसले. कुणी घास घेतला नाही.

हळूहळू ओठ उतरला. श्वास मोकळाच राहिला होता. तुम्ही म्हणता ना, जीव भांड्यात पडला, तसं झालं खरं. पण ते भांडं मी नव्हते.

मावशी रडायला लागल्या. "मी हिला मारलंच असतं. भांडं कोरडं बघवलं नाही हो मला."

धाकटीने त्यांचा हात धरला नाही, धरू शकत नव्हती. पण म्हणाली, "मावशी, माझी आईसुद्धा हेच करते. रोज तेल लावते तिला. तुमचं चुकलं नाही, मीच ते सांगायला हवं होतं."

"कढई लाल होईपर्यंत तापवली तर?" दुभाषीने विचारलं.

"होईलही स्वच्छ. पण मग प्रत्येक घासाला शंका येईल. शंका घेऊन जेवता येत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "मावशी, हिला तुम्ही ठेवून घ्या. तुमच्या हातात ती कोरडी राहणार नाही."

यानंतर जे झालं ते बघून माझं लोखंडी मनही हललं. तोच व्यवस्थापक, गळ्यातला टाय खांद्यावर टाकून, भर उन्हात रस्त्यावरच्या भांड्यांच्या दुकानात पळाला आणि नवी कढई, नवा उलथना घेऊन धापा टाकत आला. मावशींनी अंगावरचा एप्रन बदलला, कोपरापर्यंत हात धुतले, फडकं कचऱ्यात टाकलं. दुसऱ्यांदा स्वयंपाक झाला. धाकटी जेवली, आणि ती जेवल्यावर बाकीच्यांनी घास उचलला.

मग तिने आईला व्हिडिओ फोन केला. लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण तिने फडक्यापासून सगळं सांगितलं. आईने आधी ओठ उतरला का, श्वास कसा आहे, हे दोनदा विचारून घेतलं.

शेवटी आई म्हणाली, "त्या बाईंना विचार, नव्या कढईला कुठलं तेल लावणारेत?"

दुभाषीने विचारलं. मावशींनी ती दुसऱ्या तेलाची बाटली फोनसमोर धरली. आईने ती नीट निरखून पाहिली. "चालेल," ती म्हणाली, "आणि तुला दुसरी कढई घडवून घेते. पुढच्या खेपेला जाशील तेव्हा आधी फडकं बघायचं, मग कढई द्यायची." नोकरी बदलण्याचा विषय तिने काढला नाही.

आता मी इथेच असते. रोज माझ्यात दाणे परततात, दाण्याचं तेल माझ्या अंगात मुरलंय. सुरुवातीला शरम वाटायची, आता वाटत नाही. माझ्यात शिजलेलं खाऊन लोक तृप्त होतात आणि मावशी मला कधी कोरडी ठेवत नाहीत. समोरच्या भिंतीवर, सगळ्यांपासून दूर, व्यवस्थापकाने आणलेली ती नवी कढई टांगलेली असते. ज्यांना काही चालत नाही, त्या पाहुण्यांसाठी. तिच्या खिळ्याला दुसऱ्या कशाचाही स्पर्श होऊ देत नाहीत. तिचा मला हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही.

तुमच्या दारी, तुमच्या टेबलाशी कुणी म्हणालं, "मला हे चालत नाही," तर एवढंच करा, त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि पंगतीला बसवताना भांडं, पळी, फडकंही आठवा. माया कराच, पण विचारून करा.

परवा धाकटी आली होती. यंत्र दुरुस्तीला आली आणि जेवायला इथेच आली. नव्या कढईतलं पोटभर जेवली. जाताना भटारखान्याच्या दारात थांबली. मी शेगडीवर होते, माझ्यात दाणे तडतडत होते. मावशींनी घाईने शेगडी बंद केली. धाकटी उंबऱ्याच्या आत आली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले, जणू ते आपले आपण पुढे येतील अशी तिला भीती होती, आणि तिथूनच म्हणाली, "छान दिसतेस गं."