आतल्या अंगाची गाठ

मोहरीएवढी, पण निळीच होती ती गाठ – शेजारच्या बाकावरच्या बाळाने मान वळवली, पिवळ्या टोपीची कड जराशी उलटली आणि ती दिसली. आपला नंबर यायची वाट बघत बसलेल्या तिला दवाखान्यातले सगळे आवाज पाण्याखाली गेल्यासारखे दूर झाले. आपली टोपी... आपण विणलेली टोपी, एका जिवंत डोक्यावर.

योगवर्गातल्या बाई नेहमी सांगत, हातांनी करा, द्या आणि विसरून जा. हेही आसनच, फक्त चटईबाहेरचं. म्हणून वर्गातल्या बायका बाळंतिणींच्या वॉर्डासाठी काहीबाही करून देत. ती टोप्या विणे. नाव कुठे घालायचं नाही, असं ठरलेलं. तिने घातलंही नव्हतं. फक्त प्रत्येक टोपीच्या आतल्या अंगाला निळ्या लोकरीची एक गाठ... आयुष्यभर शिवणाच्या दुकानात मशीन चालवलं, किती झगे, किती कोट हातून गेले, आणि प्रत्येकाच्या मानेला लेबल मालकाचं. एवढी एक गाठ तरी... नवऱ्याच्या नजरेतून ती सुटली नव्हती. गुप्तदान म्हणायचं आणि खाली सही ठोकायची, असं म्हणून तो हसला होता. मग बरेच दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती.

बाळ कुरकुरलं. मुलगा की मुलगी, विचारायच्या निमित्ताने ती जवळ सरकली. मुलगी होती. आता सांगावं, अगदी सहज, की ही टोपी ना... शब्द जिभेवर आलेसुद्धा, कोमट, गोड. तेवढ्यात बाळाच्या आईनेच टोपी काढली. कानाच्या वर लाल वळ उमटला होता.

"ऊब छान आहे हो, मावशी, पण घातली की रडते," ती पोरसवदा आई म्हणाली. "आत काहीतरी टोचतंय तिला. कोणी दिली कोण जाणे."

"दे गं इकडे."

आवाज आपलाच, पण कुणा तिऱ्हाइताचा वाटला. पिशवीत कात्री होतीच. गाठ सुटी ओवलेली, कापली तरी वीण उसवणार नव्हती – तरी कात्रीचं टोक तिथे टेकवल्यावर हात थबकला, कारण एकदा कापली की ही टोपी कुणाचीच नाही, कुणीही विणलेली, दुकानातून आणलेली असावी तशी... मग तो वळ पुन्हा दिसला. तिने गाठ कापली. आवाजसुद्धा झाला नाही.

टोपी पुन्हा चढली. मुलगी रडली नाही. दिव्याकडे बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला विणता येतं वाटतं?"

"थोडंफार," ती म्हणाली.

आणि बाकीच्या, वॉर्डात जाऊन कुठकुठल्या घरी पोचलेल्या टोप्या? त्यांच्या खाली कुठली कुठली बाळं कशापायी रडतायत, हे त्यांच्या आयांना कळत नसेल... ही टोचणी लागली, आणि तरीही खांदे मात्र सैल, शवासनात सुटतात तसे, हे दोन्ही एकदम कसं, तिला उमगेना. डॉक्टरांच्या खोलीतून कुणाचं तरी नाव पुकारत होते. दोनदा, तीनदा. कुणीच कसं उठत नाही, असं वाटून तिने आजूबाजूला पाहिलं. नाव आपलंच आहे हे कळायला तिला बराच वेळ लागला, आणि कळल्यावरही ती लगेच उठली नाही.