आमेन म्हणण्याआधी

बाबांनी मला हिब्रू शिकवायला सुरुवात केली ती ‘आमेन’पासून. “म्हंजे हे पक्कं हाय, खरं हाय. खरं वाटलं तरच म्हणायचं,” असं त्यांनी बजावलं होतं. ते आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. परतूरकडच्या आमच्या गावात हिब्रू वाचणारी माणसं दोनच, ते आणि मी.

नवऱ्याने, बबलूने, माझा हात मोडला तेव्हा मी माहेरी आले. प्लास्टर निघायच्या आत सासरचे न्यायला हजर! प्रकरण मंडळीच्या पंचांकडे गेलं. आमच्याकडे असं प्रकरण रविवारी उपासनेनंतर निघतं. पाळक बायबलातलं वचन काढून देतात, ज्याचं प्रकरण असेल त्यानंच ते उभं राहून वाचायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं. म्हटलं की निकाल मान्य.

वचन कोणतं निघणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाखी संदेष्ट्याचं. देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे. बायकांना सासरी धाडायला फार सोयीचं पडतं ते.

मी बाबांचं मूळ हिब्रू बायबल काढलं. रोज चहाच्या वेळी आम्ही बापलेक त्या एका ओळीवर बसलो, एकेक शब्द सुटा करून पाहिला. ती ओळ बायकांना हुकूम नव्हती, नवऱ्यांना भरलेला दम होता. जो बायकोचा द्वेष करून तिला टाकतो, तो अंगावर जुलूम पांघरतो. नोहाच्या काळी ज्या जुलमानं पृथ्वी भरली आणि देवानं पूर आणला, तोच हा शब्द.

“बराबर लावलास अर्थ,” बाबा म्हणाले. “रविवारी मी हेच सांगतो पंचांला.”

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

रविवारी टेंभुर्णीहून सासरची जीप भरून माणसं आली. बाबांनी छापील मराठी बायबल माझ्यापुढे धरलं, बोट त्याच ओळीवर. “वाच,” म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी ती ओळ वाचली नाही. आम्ही दोघांनी लावलेला अर्थ मोठ्यानं सांगितला, नोहासकट. थोरले पंच भुजंगराव बाबांकडे वळले.

“पाळकसाहेब, पोरगी म्हणतीय ते मूळ हिब्रूत हाय का?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “न्हाई. मोबाईलवर कायबी वाचून राह्यली ती.”

बबलूकडून मी कधी कसली आशा ठेवली नव्हती. हा माझा बाप होता. त्यानं माझा घात केला, आणि तोही मला शिकवलेल्याच विद्येवर पाणी फिरवून.

“आमेन म्हण, पोरी,” बाबा हळूच म्हणाले. “मिटवून टाक.”

“तुम्ही म्हणा, बाबा. खरं वाटलं तरच म्हणायचं, तुम्हीच शिकवलंत.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. बाबांनी चष्मा पुन्हा चढवला, घसा साफ केला आणि प्रवचनाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “आमेन.”

मी जीपमध्ये बसले नाही. बाबांच्या घरीही परत गेले नाही.