ताई म्हणाला

बागायतदाराने दाबलेली जमीन कोर्टातून सुटून तिच्या नावावर चढली, त्याला चारच दिवस झाले होते. ती खुरपत असताना बागायतदार बांधावर दिसला आणि ती उठून उभी राहिली. आजवर तो तिला जातीवरूनच हाक मारायचा, तिची सावलीही टाळायचा. त्या शिव्या तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. आज मात्र तो म्हणाला, "ताई, पाणी द्या जरा." तिच्याच तांब्यातून घटाघटा प्यायला आणि हसला. "एकट्याच असता. विहिरीला कठडा नाही. जपा हो."

ती धावतच घरी आली.

"शिव्याच दिल्या ना मेल्याने?" सासूने विचारलं.

"नाही. ताई म्हणाला. पाणीही प्यायला."

म्हातारीने भर दुपारी दाराला आतून कडी घातली.