उपाशीपोटी

सिस्टरनं स्ट्रेचर खाटेला लावलं, यादीतला नंबर तपासला आणि रोजचा प्रश्न विचारला.

"आजी, सकाळपासून काही खाल्लंत? प्यायलात?"

"चहा घेतला की. वर दोन बिस्किटं," छताकडे बघत आजी म्हणाल्या.

झालं! पोटात अन्न असताना भूल देता येत नाही, म्हणजे कालच्यासारखाच चहापायी आजचाही नंबर गेला. खुब्याचं हाड मोडून आजींना हा तिसरा दिवस. म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनला ताबडतोब आत घ्या, पडून राहिलं की छाती भरते, पाठ सोलवटते, अशी भुणभुण सिस्टरनं वर्षभर सगळ्यांच्या मागे लावली होती. आता कुठे भूल देणारे डॉक्टर आणि एक्स-रेवाले वेळेवर हजर व्हायला लागले, तर पेशंटच चहा पिऊन तयार! हसावं की रडावं तिला कळेना.

तिनं वॉर्डातल्या मावशींना फैलावर घेतलं. मावशी तडकल्याच.

"माझ्या हातून थेंबसुद्धा गेलेला नाही. उगाच आळ नको!"

सिस्टर परत खाटेपाशी आली.

"आजी, जीभ दाखवा बरं."

"जीभ कशाला? मोडलंय ते खाली."

तरी दाखवली. कोरडीठाक. पाण्याचा घोटही गेलेला नव्हता. सिस्टर स्टूल ओढून बसली.

"खोटं का बोललात हो?"

आजींनी चादरीची कड बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"लेक यायचीय माझी. आत गेले आणि परत आलेच नाही तर? पाच वर्षं झाली तिला बघून. एकदा डोळे भरून बघते, मग काय कापायचं ते कापा."

सिस्टर स्टूलावरून उठली. तिनं व्हरांड्यात जाऊन लेकीला फोन लावला.

"अजून झालंच नाही?" पलीकडे लेक रडवेली झाली. "आठच दिवसांची रजा मिळालीय हो. नंतर आईला उठवायला-बसवायला कुणीतरी हवं, म्हणून राखून ठेवलीय. झालं की कळवा, लगेच निघते."

सिस्टरनं आत येऊन जसंच्या तसं सांगितलं. आजींनी बोटाला गुंडाळलेली चादरीची कड सोडून दिली.

"म्हणजे मीच तिची वाट अडवून बसले होते," त्या म्हणाल्या. "घ्या मला आत. पोट रिकामंच आहे."

भूल देणाऱ्या डॉक्टरांची मनधरणी करून सिस्टरनं दुपारचा शेवटचा नंबर मिळवला. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं, तसा आजींनी तिचा हात घट्ट धरला.

"तिला फोन करा. झालं म्हणावं."

"अहो आजी, अजून व्हायचंय!"

"तिला पोचायला अख्खा दिवस लागतो, बाई. करा ना."